नुसता हात हलवा

कळंबच्या मैदानात सकाळी अकरालाच मंडपाचं कापड तापलं होतं. तालुक्याचे पुढारी असलेल्या भाऊंचा वाढदिवस होता, आणि त्यानिमित्त गावातल्या जुन्या कलावंताचा सत्कार. स्टेजवर प्रसेनजित सरवदेनं गिटार गळ्यात अडकवली आणि वायर घ्यायला हात पुढं केला.

"वायर लागत न्हाय, काका," निवेदन करणारा विरेश म्हणाला. "गाणं पेनड्राइव्हवर हाय. तुमी नुसता हात हलवा."

प्रसेनजित सदुसष्ट वर्षांचा होता. भीमगीतांच्या साथीला त्यानं पहिल्यांदा गिटार धरली. मग पुण्यात केस वाढवून रॉक बँड काढला. बँड फुटल्यावर ऑर्केस्ट्रात सिनेमाची गाणी वाजवली, आणि ऑर्केस्ट्रा बसल्यावर वरातीच्या गाड्यावर कीबोर्डसुद्धा बडवला. लोक म्हणत, आता हे चालतं. तो ते शिकून घ्यायचा. पण वाजवायचा स्वतः.

नाही म्हणायचं त्याच्या ओठांवर आलं होतं. समोर पहिल्या रांगेत त्याची बायको चांगुणा ठेवणीतली साडी नेसून बसली होती. गावात त्याचा हा पहिलाच सत्कार. त्यानं तारांवर हात ठेवला.

गाणं सुरू झालं आणि चार सुरांतच त्यानं ते ओळखलं. पुण्यात जात कळल्यावर घरमालकानं सामान रस्त्यावर टाकलं होतं. बाविसाव्या वर्षी, त्या संतापात बांधलेली ही त्याचीच चाल. शब्द तेवढे नवे होते. दर ओळीला भाऊंचं नाव.

 प्रसेनजितनं तारांवरचा हात काढून खाली सोडला. स्पीकरमधली गिटार दणदणत राहिली. माणसं मोबाइल उंच धरून नाचत होती. सुटलेला हात एकट्या चांगुणाला दिसला. तिनं मान खाली घातली.

गाणं संपलं तसा तो माईकपाशी गेला.

"हे म्या वाजवलं न्हाय," तो म्हणाला. "म्या नुसता उभा होतो."

 विरेशनं हसत माईक काढून घेतला. एवढा मोठा कलावंत आणि श्रेय घ्यायला तयार नाही, याला मोठेपणा म्हणतात, असं तो म्हणाला आणि त्यानं जोरदार टाळ्या मागितल्या.

टाळ्यांचा कडकडाट झाला. भाऊ स्वतः खुर्चीतून उठले.

आणि पंचेचाळीस वर्षांच्या सवयीनं प्रसेनजितचे दोन्ही हात आपोआप जोडले गेले.