अर्धी विडी

महिपतीने फेकलेला दगड सर्जेरावाच्या कानशिलात बसला आणि रक्ताचा ओघळ कॉलरवर उतरला. माजी सैनिक संघाच्या अंगणात त्या वेळी दोघंच होते, एकाच पलटणीतले. भांडण जुनंच होतं. बर्फातल्या त्या चौकीवरून आधी कोण पळालं?

सर्जेरावाने त्याला लोळवलं, छातीवर बसून त्याचं नरडं आवळलं. इतकी वर्षं भांडण इथवर यायचं आणि इथेच मिटायचं. पलटणीचा रिवाजच होता तो. खालच्याने विडी काढायची, वरच्याने पेटवायची आणि अर्धी अर्धी ओढून दोघांनी उठायचं.

महिपतीने चाचपडत खिशातून विडी काढली. "घे सर्ज्या. मिटव आता."

सर्जेरावाने विडीकडे पाहिलं. गेल्या महिन्यात विडीची तलफ मारायला लष्करी इस्पितळात त्याच्या डोक्याला चुंबकाचं टोपडं लावलं होतं. "आता विडी समोर आली तरी हात पुढे जाणार नाही," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. महिपतीने मात्र टोपडं घालून घ्यायला साफ नकार दिला होता.

हात पुढे गेला नाही. तो होता तिथेच, नरड्यावर राहिला. इतकी वर्षं हा हात दोस्तीने नाही, तलफेने सुटत होता, हे सर्जेरावाला तेव्हा कळलं. राग तेवढा शाबूत होता.

"घे की रे," महिपती घोगऱ्या आवाजात म्हणाला.

बऱ्याच वेळाने सर्जेराव उठला. मातीतली विडी पुसून त्याने महिपतीच्या ओठांत ठेवली आणि काडी ओढून टोकाला धरली. काडी बोटापर्यंत जळत आली, तरी विडी पेटेना. ती पेटायला कुणाला तरी श्वास ओढावा लागतो.