पोरांना सांगायला आलेला माणूस

रामपायलीच्या शाळेत आज दहावीच्या पोरांना जुगाराबद्दल सांगायला गुरुजींनी नंदकिशोरलाच बोलावलं होतं. मोबाइलवरच्या पत्त्यांपायी चालतं दुकान कसं गेलं, पोरीचं कॉलेज कसं सुटलं, त्यानं काहीच लपवलं नाही. "मी बुडालो, पोट्टेहो, तुमी नका बुडू," म्हणाला, तेव्हा मागच्या बाकावरची आडदांड पोरंसुद्धा डोळे पुसत होती. टाळ्या थांबेनात.

फाटकाशी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोच्या, प्रमोदिनीच्या, जिवात जीव आला. सुटला बाई एकदाचा माणूस!

"अवो, किती चांगलं बोलले तुमी!"

नंदकिशोर कितीतरी महिन्यांनी हसला.



"हौ ना. आज माहा दिवसच चांगला दिसते. तुहा फोन दे बरं, एकच डाव खेळतो."