दहा मिनिटं पुढे

“विनंती नाकारली. सही अमान्य.” स्क्रीनवर चौथ्यांदा तेच उत्तर आलं. मी प्रोग्रामची गुप्त किल्ली, म्हणजे त्याचा पासवर्डच, पुन्हा अक्षर न् अक्षर तपासली. बरोबर होती.

प्रसूतिगृहातल्या बाईला बी निगेटिव्ह रक्त तातडीनं हवं होतं. गोसावी सिस्टरांनी तीन रक्तपेढ्यांना फोन केले, तिन्हीकडून नकार. जिल्ह्यातल्या सगळ्या पेढ्यांना एकदम विचारणारा माझा प्रोग्राम आजच बसवला होता, आणि तोच अडून बसला होता.

“तो काय म्हणतोय ते शेवटपर्यंत वाचा तरी,” सिस्टर म्हणाल्या.

आता या मला शिकवणार! तरी वाचलं. उत्तराच्या शेपटाला रक्तपेढ्यांच्या सर्व्हरची वेळ होती: अकरा वाजून दोन मिनिटं. आमच्या कॉम्प्युटरवर अकरा बारा. भिंतीवरच्या घड्याळातही अकरा बाराच. प्रोग्राम प्रत्येक विनंतीवर डिजिटल सही करतो आणि विनंती पाठवल्याची वेळ त्या सहीत मिसळलेली असते. ती इतकी चुकली की सही खोटी ठरते.

“घड्याळं पुढे आहेत?”

“मीच लावलीत. सगळे ड्युटीवर वेळेत यावेत म्हणून.”

कॉम्प्युटरची वेळ दुरुस्त करून पुन्हा विचारलं. लांबलचक उत्तरातून प्रोग्रामनं एकच ओळ काढून दिली: बी निगेटिव्ह, एक पिशवी, बावीस किलोमीटर.

रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरनं चिठ्ठी घेतली, भिंतीकडे पाहिलं. “बाप रे, सव्वाअकरा!” म्हणत पळतच सुटला.

मी खुर्चीवर चढून त्या घड्याळाला हात घातला.

“ते राहू द्या,” सिस्टर म्हणाल्या. “ते माणसांसाठी आहे.”