हरवलेल्यांचं टेबल

मंडईच्या गर्दीत रहीमचाचांचा हात सुटला आणि त्यांच्या बायकोच्या, नसीमचाचींच्या, काळजात धस्सच झालं. चाचांना हल्ली स्वतःचं नावसुद्धा आठवायचं नाही हो! धापा टाकत त्या मदत केंद्रात शिरल्या.

"साहेब, आमचे मियाँ सापडलेत का कुणाला?"

"इथे फक्त हरवलेल्यांची नोंद. सापडलेल्यांचं टेबल पडद्यापलीकडे. आधी इथलं पूर्ण होऊ द्या."

"तोवर ते गाडीखाली आले म्हणजे?"

"मग अपघात विभाग. त्याचं ऑफिस वेगळं."

तेवढ्यात पडद्यामागून दुसरे साहेब खेकसले, "आजोबा, तुम्ही सापडलेले आहात. तुम्हाला तक्रार करता येत नाही!"

"मी कुठे हरवलोय?" ओळखीचा आवाज रडकुंडीला आला होता. "आमची नसीम हरवलीय हो!"