सुस्थितीत

पानाने दार खांद्याने वर उचललं, ढकललं आणि खाली वीट सरकवली. "या साहेब." अनुदान समितीचे तिघं आणि मागोमाग प्राचार्य मॅडम प्रयोगशाळेत शिरल्या. दाराची चौकट कधीचीच खचलेली. एकदा लागलं की ते आतून उघडायचं नाही. बाहेरून खांदा द्यावा लागायचा, आणि तो खांदा फक्त पानाकडे होता.

पाना हे टोपणनाव, माणूस लॅब असिस्टंट. अकरा वर्षं हंगामी. कॉलेज सरकारी, पण सरकारला त्याची आठवण पाच वर्षांतून एकदा यायची, ती आज आली होती. समितीने शिफारस केली की नवी उपकरणं येणार आणि पाना पर्मनंट होणार. "आज पर्मनंट होऊनच घरी या," बायकोने डबा देताना दम भरला होता.

मॅडमचा हुकूम वेगळाच. "पाहुण्यांसमोर अब्रू जायला नको. सगळं चालू दिसलं पाहिजे." मग काय, पाना आठवडाभर राबला. तराजूला सायकलचा स्पोक. मायक्रोस्कोपला चष्म्याची काडी. गळक्या नळाला चपलेचं रबर.

समितीच्या मोठ्या साहेबांनी तराजूला बोट लावलं. काटा डौलात डोलला. नळ सोडला, बंद केला. एक थेंब नाही.

"वा! चाळीस वर्षांचा माल, पण नवरीसारखा!"

मॅडम फुलून आल्या. साहेब समितीतल्या कारकुनाकडे वळले. "लिहा. उपकरणं सुस्थितीत. खिडक्या, दारं सुस्थितीत. नवीन अनुदानाची गरज नाही." मग त्यांची नजर पानावर गेली. "इथे काही बिघडतच नाही, मग तू दिवसभर करतोस काय?"

"बिघडू देत नाही, साहेब."

"म्हणजे काहीच नाही. लिहा, सहायकाचं पद रद्द."

पानाने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी आढ्याकडे पाहिलं. अब्रू मात्र शाबूत होती.

पानाने डबा उचलला. बाहेर पडताना वाकला आणि वीटही उचलली. ती त्याच्या घरची होती. मागे दार धाडकन लागलं.

तो व्हरांड्याच्या टोकाला पोचला, तेवढ्यात आतून धपाधप सुरू झालं. "अरे, दार उघडत नाहीये!" आणि मॅडमचा चिरका आवाज, "पाना! अरे ए पाना!"

तो परत आला. फटीला तोंड लावून अगदी अदबीने म्हणाला,

"सुस्थितीत आहे, साहेब. आत्ताच लिहिलंत."