सरदारसाहेबांच्या उजव्या हाताला

"अत्तरदाणी लिहा," भय्यासाहेब म्हणाले. "'सरदारसाहेबांच्या उजव्या हाताला, अत्तरदाणीचे मानकरी.' आणि पणजोबांचं नाव ठळक अक्षरात."

स्मरणिकेचं काम पाहणाऱ्या प्रभाकररावांनी फोटोखालची ओळ लिहून घेतली. समाजाच्या या स्मरणिकेत जुन्या घराण्यांच्या पानावर पहिला फोटो भय्यासाहेबांकडचा लागणार होता. त्यासाठी त्यांनी दोन वर्षं प्रभाकररावांचा पिच्छा पुरवला होता. बाकीची घराणी म्हणजे बँकेच्या नाहीतर रेल्वेच्या बदलीवर काल-परवा उज्जैनला आलेली माणसं, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

भिंतीवरचा फोटो काढून प्रभाकररावांच्या हातात देऊन भय्यासाहेब त्यांना निरोप द्यायला गॅलरीत आले आणि त्यांचं तोंड कडू झालं. सून निहारिका कुंड्यांना पाणी घालत होती. कुंड्या आपल्या म्हणायच्या. वॉशिंग मशीनच्या ड्रममध्ये लिंबू, कुणाच्या तरी फुटक्या बेसिनमध्ये पुदिना, प्रेशर कुकरात कोरफड.

"बघा, सूनबाईंचे शौक. लोक जो कबाडा घराबाहेर फेकतात, तो ही विकत घेऊन घरात आणते. नानाखेड्याचा अटालेवाला हिच्याच जिवावर जगतो."

"छान दिसतंय की."

"छान? अब ये देखो." त्यांनी कठड्यावरचं पितळी भांडं उचललं. पसरट तोंड, अरुंद गळा, वर गुलाबी चिनी गुलाब फुललेला. "हे काय आहे, माहीत तरी आहे का गं?"

"नाही बाबा. आकार आवडला."

"आकार आवडला! पिकदाणी आहे ही. कुणाकुणाची थुंकी पडली असेल यात." भय्यासाहेबांना आता रंग चढला. "तोंड पसरट का, तर विड्याची पिंक बाहेर उडू नये. गळा अरुंद का, तर आतलं दिसू नये. आमच्या आजोबांनी सगळं बारीकसारीक सांगितलंय मला. बैठकीत धन्याने मान वाकवायची नाही. ज्याच्या हातात हे, त्याने उजवीकडे उभं राहायचं. असं."

ते ताठ उभे राहिले. उजव्या मुठीत गळा, डावा तळवा खाली, भांडं बरोबर छातीशी.

"धन्याचं तोंड वळलं की पुढे करायचं. दिवसभर हेच. काय एकेक माणसं असतील. पोटासाठी दुसऱ्याची थुंकी झेलायची."

प्रभाकरराव हसले. मग त्यांची नजर हातातल्या फोटोवर गेली. तिथून भय्यासाहेबांकडे, आणि परत फोटोवर. त्यांचं हसू मावळलं.

"भय्यासाहेब, ती खालची ओळ... तशीच छापू ना?"

"म्हणजे काय? तशीच." भांडं तसंच धरून भय्यासाहेब फोटोवर वाकले.

मधोमध खुर्चीत सरदारसाहेब, मान किंचित उजवीकडे वळलेली. त्यांच्या उजव्या हाताला पणजोबा, ताठ. उजव्या मुठीत गळा, डावा तळवा खाली, छातीशी धरलेलं पसरट तोंडाचं भांडं.

सत्तर वर्षं हा फोटो त्यांच्या डोळ्यांसमोर भिंतीवर होता. त्यांनी नेहमी पणजोबांची पगडीच पाहिली होती.

निहारिकाने झारी खाली ठेवली. फोटोकडे एकदा पाहिलं आणि दोन्ही हात पुढे केले.

"द्या इकडे, बाबा," ती म्हणाली. "हात अवघडला असेल."