काजळ्या

“खिडक्या फोडतो हे ठीक. पण का फोडतो?” संपादक व्हिन्सनं कच्ची चित्रं टेबलावर पसरत विचारलं.

“घरमालकानं ऐन हिवाळ्यात इमारतीला ऊब देणारा बॉयलर बंद ठेवला,” नॅट पर्लस्टाइन म्हणाला. “वरच्या मजल्यावरचं तान्हं मूल न्यूमोनियानं गेलं. कोर्टानं काही केलं नाही. मग हा तोंडाला काजळी फासून, मालक राहतो त्या पलीकडच्या इमारतीच्या बाहेरच्या लोखंडी जिन्यानं पाचव्या मजल्यावर चढतो. मालकाच्या घराला एकही काच ठेवत नाही. बस म्हणावं आता थंडीत.”

“नाव?”

“काजळ्या.”

“आवडला मला. पण कायदा हातात घेणारा आपल्या कॉमिकमध्ये खलनायकच. शेवटी पकडला गेला पाहिजे.”

नॅटनं मान डोलावली. व्हिन्सशी वाद घालून कुणाचं भलं झालं नव्हतं.

गोष्ट खरी होती, हे त्यानं सांगितलं नाही. नॅट लहान असताना ब्रॉन्क्समधल्या त्यांच्याच गल्लीत, त्यांच्याच घरमालकाबाबत ती घडली होती. रविवारी मालक भावाकडे जेवायला गेला आणि परत आला तर घरात बर्फ भुरभुरत होता. समोरच्या म्हातारीला काजळी फासलेलं तोंड तेवढं दिसलं होतं. आदल्याच दिवशी नॅटचे वडील, इझिडोर, मालकाशी कडाकडा भांडले होते. पोलिसांनी त्यांनाच उचललं.

तीन दिवस ते कोठडीत होते. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. पुरावा नव्हता म्हणून सुटले, पण लाँड्रीतली इस्त्रीची नोकरी गेली ती गेलीच. बॉयलर मात्र सुरू झाला. पुढे जन्मभर गल्लीतली माणसं त्यांना पाहून टोपी काढायची आणि ते लाजून भलतीकडे बघायचे.

ते वारल्यावर नॅटनं त्यांचं एकही चित्र काढलं नव्हतं. आता काजळ्याला त्यानं त्यांचं लांब नाक दिलं, पडलेले खांदे दिले.

अंक छापून आला तसा तो आईकडे घेऊन गेला. फ्रीडानं गॅस बारीक केला, चष्मा लावला आणि एकेक पान सावकाश वाचलं. शेवटच्या पानावर ती थांबली.

“ह्याला बेड्या कशाला?”

“व्हिन्स म्हणतो, तो खलनायक आहे.”

“व्हिन्सच्या घरी बॉयलर चालू असेल.”

नॅटला राहवेना. “रागावलीस का, आई? बाबांना असं दाखवलं म्हणून?”

“वेडा आहेस. नाक तर हुबेहूब जमलंय.” तिनं त्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं. “तीन दिवस, नॅट. चकार शब्द बोलले नाहीत. घरी आले आणि मला विचारतात, तू जेवलीस का.”

तिचे डोळे भरून आले होते. नॅटनं तिच्या हातावर हात ठेवला.

“कसे चढले, ते एकदा तरी मला सांगायला हवं होतं त्यांनी,” तो म्हणाला.

“ते काय सांगणार? स्टुलावर उभं राहिलं तरी घेरी यायची त्यांना.” फ्रीडानं डोळे पुसले आणि अंक त्याच्याकडे सरकवला. “आणि ही विजार चुकलीय तुझी. स्कर्ट सावरत चढावं लागलं होतं.”